रेड ग्रेंज आणि व्यावसायिक फुटबॉलचा उदय

अमेरिकेत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. लंबगोल चेंडू हाती धरून प्रतिपक्षाची फळी भेदीत पुढे धावणे, हा त्याचा गाभा होय. हे काम मुख्यतः ज्याच्याकडे असते, त्या खेळाडूस ‘रनिंग बॅक’ म्हणतात.

१९२० साली ओहायो राज्यातील कँटन येथे व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली. १९२२ मध्ये तिने ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हे नाव धारण केले. परंतु लोकांचे खरे प्रेम विद्यापीठांच्या सामन्यांवर होते. पैशासाठी खेळणे कमीपणाचे मानले जाई. ही समजूत बदलण्यास हॅरोल्ड ऊर्फ रेड ग्रेंज हा तरुण बराच कारणीभूत झाला.

ग्रेंजचा जन्म १९०३ सालचा. इलिनॉय राज्यातील व्हीटन गावी तो उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरी बर्फाच्या लाद्या पोहोचवीत असे. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी इलिनॉय विद्यापीठाकडून मिशिगनविरुद्ध खेळताना त्याने पहिल्या बारा मिनिटांतच चार वेळा चेंडू अंतिम रेषेपार नेला. त्यांतील पहिली धाव ९५ यार्डांची होती.

२१ नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठातर्फे अखेरचा सामना खेळताच त्याने शिकागो बेअर्स या संघाशी करार केला. त्याचे प्रशिक्षक बॉब झुपके यांना ही गोष्ट मुळीच रुचली नाही. ग्रेंजचे म्हणणे सरळ होते : खेळ शिकविण्याचे वेतन घेणे जर गैर नाही, तर खेळण्याचे वेतन घेणे गैर कसे?

पाचच दिवसांनी शिकागोत त्याचा पहिला व्यावसायिक सामना झाला आणि तो पाहण्यास सुमारे ३६,००० लोक लोटले. ६ डिसेंबरला न्यूयॉर्क येथे सुमारे ७०,००० प्रेक्षक जमले. त्या एका दिवसाच्या उत्पन्नाने न्यूयॉर्क जायंट्स हा कर्जात रुतलेला संघ सावरला. मात्र या यशाची किंमत ग्रेंजच्या शरीराने मोजली. सामन्यांमागून सामने खेळताना त्याचा हात दुखावला. पुढे १९२७ साली गुडघ्यास जबर इजा झाली आणि १९२८ चा हंगाम त्यास मुकावा लागला.

१९२९ मध्ये तो बेअर्स संघात परतला, तेव्हा पूर्वीची चपळ वळणे त्यास साधत नव्हती. म्हणून त्याने बचावाकडे अधिक लक्ष दिले. १९३३ च्या अजिंक्यपदाच्या सामन्यात अखेरच्या क्षणी जायंट्सच्या खेळाडूस त्याने चेंडूसकट असे कवटाळले की, त्याला तो सहकाऱ्याकडे टाकता येईना. बेअर्सनी तो सामना २३-२१ असा जिंकला. धावण्याने कीर्ती मिळविलेल्या या खेळाडूने त्या दिवशी दुसऱ्याची धाव रोखून विजय राखला.

१९६३ साली कँटन येथील व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानभवनात प्रथम निवडलेल्या खेळाडूंत ग्रेंजचा समावेश झाला. १९९१ साली तो मरण पावला. तोवर, एके काळी हलक्या मानल्या गेलेल्या या व्यवसायाची गणना अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय खेळांत होऊ लागली होती.