ॲक्युपंक्चर

ॲक्युपंक्चर (सूचिवेधन चिकित्सा) : शरीराच्या पृष्ठभागावरील ठराविक बिंदूंच्या ठिकाणी बारीक सुया टोचून वेदना कमी करण्याची किंवा रोगावर इलाज करण्याची प्राचीन चिनी चिकित्सा पद्धती. ‘सुई’ व ‘टोचणे’ या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांपासून हे नाव बनले आहे. जपानमधील नागासाकी येथे डच व्यापारी वसाहतीत वैद्य म्हणून राहिलेले विलेम टेन ऱ्हाइने यांनी १६८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे ते यूरोपात रूढ झाले. चिनी भाषेतील मूळ संज्ञा ‘झन-ज्यू’ ही असून तिच्यात सुई टोचणे व शेक देणे या दोन्ही क्रियांचा समावेश होतो. शेक देण्यासाठी दवण्याच्या जातकुळीतील एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कापसासारखा भुगा वापरतात. या क्रियेस ‘मॉक्सा’ असे म्हणतात.

इतिहास : या पद्धतीचा उगम नेमका केव्हा झाला हे निश्चित नाही. गळू फोडण्यासाठी वा रक्त काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अणकुचीदार दगडांचा उल्लेख जुन्या चिनी ग्रंथांत येतो. मावांगद्वे येथील, इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात १९७३ साली रेशमी वस्त्रावर लिहिलेले वैद्यकीय लेख सापडले. त्यांत शरीरातील अकरा मार्गांचे आणि शेक देण्याचे वर्णन आहे. सुया टोचण्याचे मात्र नाही. इ. स. पू. ११३ मध्ये मरण पावलेल्या ल्यू शंग या राजपुत्राच्या मानचंग येथील थडग्यात १९६८ साली सोन्याच्या व चांदीच्या सुया मिळाल्या. ह्वांगदी नेइजिंग या ग्रंथाचे संकलन साधारणतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानले जाते व त्यात सूचिवेधनाची पद्धतशीर चर्चा आढळते. यावरून शेक देण्याची क्रिया आधीची असावी व सुयांचा वापर त्यानंतरच्या दीड-दोन शतकांत व्यवस्थित रूपास आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

तिसऱ्या शतकातील ह्वांगफू मी यांच्या ग्रंथात ३४९ बिंदूंची वर्णने आहेत. अकराव्या शतकात सुंग राजवटीत वांग वेइयी यांनी बिंदू कोरलेले पुरुषाकृती ब्राँझचे पुतळे ओतवून घेतले. पुतळ्यास बाहेरून मेण लावून आत द्रव भरीत आणि परीक्षार्थीची सुई अचूक बिंदूत गेली तर द्रव बाहेर येई, असे सांगितले जाते. १६०१ मध्ये यांग जीजौ यांचा संकलनात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. तथापि या पद्धतीचा प्रवास अखंड प्रतिष्ठेचा नव्हता. १८२२ मध्ये छिंग सम्राटाने राजकीय वैद्यसंस्थेतून तिचे अध्यापन बंद करविले. १९२९ मध्ये तर चिनी सरकारपुढे एकूण पारंपरिक वैद्यकावरच निर्बंध घालण्याचा प्रस्ताव होता. १९४९ नंतर आधुनिक वैद्यांची संख्या अपुरी असल्याने नव्या राजवटीने पारंपरिक वैद्यकास आश्रय दिला. खेड्यांत काम करणाऱ्या, अल्प प्रशिक्षण घेतलेल्या ‘अनवाणी डॉक्टरां’च्या पिशवीत औषधांबरोबर सुयाही असत.

पश्चिमेकडील देशांचे लक्ष या पद्धतीकडे नव्याने वेधले ते १९७१ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांची पीकिंग येथे आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया नेहमीच्या औषधी भुलेखाली झाली व नंतरचा पोटातील त्रास कमी करण्यासाठी त्यांना सुया टोचण्यात आल्या. याचे वर्णन त्यांनी प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियाच सुयांच्या भुलेवर झाली, असा समज पुढे पसरला, तो चुकीचा आहे.

पारंपरिक उपपत्ती : चिनी वैद्यकानुसार शरीरात ‘ची’ ही जीवनशक्ती ठराविक मार्गांनी वाहत असते. ‘यिन’ व ‘यांग’ या परस्परपूरक तत्त्वांचा समतोल म्हणजे आरोग्य, तर ‘ची’चा प्रवाह अडणे, क्षीण होणे किंवा वाजवीपेक्षा वाढणे म्हणजे रोग होय. मुख्य मार्ग बारा असून ते फुप्फुस, हृदय, यकृत इत्यादींच्या नावांनी ओळखले जातात. शरीराच्या मध्यरेषेवरील पुढचा व मागचा हे दोन मार्ग धरून एकूण चौदा मार्गांवर ३६१ बिंदू मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये या बिंदूंची नामावली प्रमाणित केली आणि नंतर त्यांच्या स्थानांविषयीही प्रमाणग्रंथ काढला.

बिंदूचे स्थान ठरविण्याचे माप रुग्णाच्याच शरीरावरून घेतात. त्याच्या अंगठ्याच्या सांध्याशी असलेली रुंदी म्हणजे एक ‘त्सुन’ आणि जुळवून धरलेल्या चार बोटांची रुंदी म्हणजे तीन त्सुन होत. त्यामुळे मूल असो वा प्रौढ, माप त्या त्या शरीराच्या प्रमाणात राहते. ‘नेइग्वान’ हा बिंदू मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून दोन त्सुन वर दोन कंडरांच्या मध्ये असतो व तो मळमळीवर वापरतात. ‘होकू’ हा अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या भागात असून दात व डोके यांच्या दुखण्यावर योजतात. गरोदरपणी तो परंपरेने वर्ज्य मानला आहे. ‘त्सूसानली’ हा गुडघ्याखाली तीन त्सुनांवर, नडगीच्या बाहेरच्या बाजूस असतो.

सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या १०७ मर्मांशी या बिंदूंची तुलना केली जाते. परंतु मर्मे ही मुख्यतः आघात झाल्यास धोका संभवणारी व शस्त्रकर्मात जपावयाची स्थाने आहेत, तर चिनी बिंदू हे सुई टोचण्यासाठीच निवडलेले आहेत. त्यामुळे केवळ साम्यावरून एकाचा उगम दुसऱ्यात शोधणे योग्य ठरत नाही. त्याचप्रमाणे ग्रामीण व आदिवासी भागांत तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची जी प्रथा आढळते, तिचा व मॉक्साचाही घोटाळा करू नये. मॉक्साचा शेक आज सामान्यतः त्वचेपासून थोडे अंतर राखून देतात. डागण्यात त्वचा भाजते आणि अर्भकांच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते.

पद्धती : नाडी व जीभ यांची तपासणी करून बिंदूंची निवड करतात. सुया अगंज पोलादाच्या, केसाहून थोड्या जाड परंतु इंजेक्शनच्या सुईपेक्षा पुष्कळच बारीक व भरीव असतात. बिंदूच्या जागेनुसार त्या काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंत खोल घालतात, बोटांनी फिरवितात आणि साधारणतः १५ ते ३० मिनिटे तशाच ठेवतात. त्या वेळी जडपणा, बधिरपणा वा ठणक अशी जी संवेदना होते, तिला ‘ते-ची’ म्हणतात व ती इलाज लागू पडण्याची खूण मानली जाते. सुयांना सौम्य विद्युत् प्रवाह जोडणे, केवळ कानाच्या पाळीवरील बिंदू वापरणे आणि सुईऐवजी बोटांनी दाब देणे हे या पद्धतीचे इतर प्रकार होत.

क्रियेचे स्पष्टीकरण : शरीरविच्छेदनात ‘ची’च्या मार्गांशी जुळणारी कोणतीही स्वतंत्र रचना आढळलेली नाही. त्यामुळे आधुनिक संशोधकांनी स्पष्टीकरण तंत्रिका तंत्रात शोधले. १९६५ मध्ये मेल्झॅक व वॉल यांनी वेदनेविषयी ‘द्वार-नियंत्रण’ उपपत्ती मांडली. तिच्यानुसार मेरुरज्जूत वेदनेच्या संदेशांना जणू एक दार असते व इतर संवेदनांनी ते काही अंशी बंद होऊ शकते. १९७५ च्या सुमारास मेंदूत तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांचा शोध लागला. सुयांनी येणारी वेदनाशून्यता नॅलोक्सोन या अफूविरोधी औषधाने कमी होते, असे त्यानंतर काही प्रयोगांत दिसून आले. यावरून सुई टोचल्याने ही द्रव्ये स्रवत असावीत, असे अनुमान निघते. प्राण्यांवरील प्रयोगांत सुईच्या जागी ॲडिनोसीन हे द्रव्य वाढते, असेही २०१० मध्ये आढळले. हे निष्कर्ष सुईचा शरीरावर परिणाम होतो एवढे दाखवितात. पारंपरिक मार्ग व त्यांना जोडलेली रोगनिदानपद्धती त्यांमुळे सिद्ध होत नाही.

उपयुक्ततेचे मूल्यमापन : या चिकित्सेची चाचणी घेणे अवघड असते. गोळीच्या जागी दिसायला तशीच निरुपद्रवी गोळी देता येते. सुईच्या बाबतीत तसे सहज करता येत नाही. म्हणून चुकीच्या जागी उथळ सुई टोचणे किंवा टोक मुठीत मागे सरकून त्वचेत न शिरणारी सुई वापरणे अशा छद्म उपचारांशी तुलना करतात. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर खऱ्या सूचिवेधनाने ४७·६ टक्के, छद्म सूचिवेधनाने ४४·२ टक्के, तर औषधे, व्यायाम इ. नेहमीच्या उपचारांनी २७·४ टक्के रुग्णांना गुण आला होता. याचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. रुग्णाच्या दृष्टीने सुया नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरल्या; परंतु सुई नेमक्या बिंदूवरच टोचली पाहिजे, या मूळ सिद्धांतास या चाचणीने फारसा आधार मिळाला नाही. अपेक्षा, विश्रांती, चिकित्सकाचा स्पर्श व त्याने दिलेला वेळ यांचाही गुण येण्यात मोठा वाटा असावा. जुनाट वेदनांवरील अनेक चाचण्यांतील सुमारे २०,००० रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात खरे सूचिवेधन छद्म उपचाराहून सरस आढळले, पण फरक लहान होता.

शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व वांती, अर्धशिशी, तणावजन्य डोकेदुखी आणि गुडघ्याचा संधिवात यांबाबत उपयोगाचा पुरावा इतरांच्या मानाने बरा आहे. तरीही तज्ञांचे एकमत नाही. ब्रिटनमधील शासकीय मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ही चिकित्सा देऊ नये असे सुचविले. २०२१ मध्ये मात्र प्राथमिक स्वरूपाच्या जुनाट वेदनेसाठी तिचा विचार करावा असे म्हटले. जंतुसंसर्ग, कर्करोग, मधुमेह यांसारखे रोग सुयांनी बरे होतात असे दाखविणारा विश्वसनीय पुरावा नाही.

धोके : प्रशिक्षित व्यक्तीने निर्जंतुक सुया वापरल्यास धोका कमी असतो. थोडे रक्त येणे, काळेनिळे पडणे व घेरी येणे हे नेहमीचे किरकोळ त्रास होत. क्वचित छातीवरील सुई खोल गेल्याने फुप्फुसावरणात हवा शिरून फुप्फुस मिटते. एकच सुई अनेकांना वापरल्याने ब-प्रकारच्या यकृतशोथाच्या साथी उद्‌भवल्याच्या नोंदी आहेत. म्हणून सुई एकदा वापरून टाकून द्यावी, असा दंडक आहे. रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते.

भारत व महाराष्ट्र : भारतात या पद्धतीचा प्रवेश एका राष्ट्रीय घटनेशी निगडित आहे. जपानी आक्रमणास तोंड देणाऱ्या चीनच्या मदतीसाठी राष्ट्रीय काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून पाठविले. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते. त्यांच्यासमवेत नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस, तसेच बिजयकुमार बसू व देबेश मुखर्जी हे होते. कोटणीस यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात झाले होते. चीनमध्ये त्यांनी युद्धभूमीवर शल्यचिकित्सक व अध्यापक म्हणून कार्य केले आणि तेथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सूचिवेधन हा त्यांचा विषय नव्हता. परंतु त्यांचे सहकारी बसू यांनी पुढे पुन्हा चीनला जाऊन ही पद्धती आत्मसात केली व १९५९ च्या सुमारास कलकत्त्यात तिचा वापर सुरू केला. त्यांनी व त्यांच्या अनुयायांनी तिचा प्रसार कोटणीसांच्या स्मरणार्थ केला. त्यामुळे लुधियानासारख्या दूरच्या शहरातील सूचिवेधन रुग्णालयासही सोलापूरच्या या सुपुत्राचे नाव मिळाले.

पश्चिम बंगालमध्ये १९९६ साली या चिकित्सेविषयी कायदा झाला. केंद्र सरकारने २००३ मध्ये उपचाराचा एक प्रकार म्हणून व २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून तिला मान्यता दिली. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५’ या कायद्याने शिक्षण व चिकित्सकांची नोंदणी यांसाठी परिषदेची तरतूद केली.

सुया स्वस्त असतात, यंत्रसामग्री लागत नाही आणि उपचार कोठेही देता येतो. त्यामुळे डॉक्टरांची वाण असलेल्या भागांसाठी ही पद्धती आकर्षक वाटते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत, कोसबाडसारख्या टेकाडावरील गावांच्या परिसरात, वारली व अन्य आदिवासी समाजांची वस्ती असून तेथे भगताकडे जाण्याची परंपरा जुनी आहे. अशा ठिकाणी सांधे किंवा पोट दुखते म्हणून आलेल्या रुग्णाची वेदना सुयांनी तात्पुरती शमली, तरी तिच्यामागे या समाजांत आढळणारा दात्रकोशिका रोग (सिकलसेल) किंवा क्षय असू शकतो. वेदना ही रोगाची सूचना असते आणि कारण कळण्यापूर्वी ती शमविल्यास ही सूचनाच नाहीशी होते. यासाठी रक्ततपासणी व निदान आधी आणि सूचिवेधन त्यानंतर, तेही मूळ उपचारास पूरक म्हणून, हा क्रम पाळणे आवश्यक असते. तो पाळला गेला, तर जुनाट वेदनांच्या रुग्णांना वेदनाशामक गोळ्यांचे प्रमाण कमी करण्यास या चिकित्सेचे साहाय्य होऊ शकते.