अर्धा प्रश्न, पुरें उत्तर

भाताची लावणी आटोपून पंधरा-वीस दिवस लोटले, कीं पालघर, बोईसर, मनोर या टापूंतील खाचरांच्या बांधांवरून शेतकी तज्ज्ञांकडे दूरध्वनीनें एक प्रश्न हमखास येतो : ‘साहेब, भाताची पानं पिवळी पडली आहेत, कोणतं औषध मारूं?’ प्रश्न एवढाच असतो. लावणी होऊन किती दिवस झाले, पिवळेपणा वरच्या पानांवर आहे कीं खालच्या, सगळ्या खाचरांत आहे कीं एका कोपऱ्यांत, यांपैकीं कशाचाहि उल्लेख त्यांत नसतो. उत्तर मात्र ताबडतोब हवें असतें; आणि तें शक्य तर एका शब्दाचें असावें व तो शब्द दुकानांतील बाटलीवर छापलेला सांपडावा, अशी विचारणाराची अपेक्षा असते.

असा प्रश्न दिवसांतून दहादां कानीं पडला, कीं तज्ज्ञ माणूस चिडतो. ही चीड केवळ विद्वत्तेच्या ताठ्याची आहे असें पुष्कळांस वाटतें. पण तिच्या मुळाशीं एक खरी अडचण आहे. ती समजून घेण्यासाठीं या पिवळ्या पानाचेंच उदाहरण थोडें खोलांत जाऊन पाहणें बरें.

भाताचें पान पिवळें पडण्यास निदान सात-आठ कारणें असूं शकतात. जमिनींत नत्र कमी पडलें म्हणजे पिवळेपणा प्रथम खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. कारण नत्र हें रोपाच्या अंगांत हालतें-फिरतें द्रव्य आहे, आणि तुटवडा भासतांच रोप जुन्या पानांतील नत्र काढून कोवळ्या पानांस पुरवितें. लोहाचें तसें नाहीं. तें एकदां ज्या पानांत बसलें तेथून सहसा हालत नाहीं. म्हणून लोह कमी पडल्यास नवीं पानें फिकट निघतात व जुनीं हिरवीं राहतात. जस्ताची उणीव असेल तर लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके उमटतात. खोडकिडा लागला असेल तर फुटव्याचा मधला पोंगा वाळतो आणि हलकेंच ओढतांच हातांत येतो. कडाकरपा हा जिवाणूंचा रोग असेल तर पिवळेपणा पानाच्या शेंड्यापासून निघून कडेकडेनें नागमोडी रेघेनें खालीं उतरतो. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशीं बसून रस शोषतात, आणि खाचरामध्यें आगीनें होरपळल्यासारखे गोल चट्टे पडतात. याखेरीज खाडीलगतच्या खारजमिनींत पाणी खारट झालें, किंवा नुसतें गोडें पाणी फार दिवस तुंबून राहिलें, तरीहि रोप पिवळें पडतें.

आतां या प्रत्येक कारणाचा उपाय निराळा आहे, आणि एकाचा उपाय हा दुसऱ्याचा अपाय ठरूं शकतो. नत्र कमी असेल तर युरिया देणें योग्य. पण कडाकरपा किंवा तुडतुडे असतांना युरिया टाकणें म्हणजे आगींत तेल ओतण्यासारखें आहे. कारण जादा नत्रानें रोप लुसलुशीत होतें आणि या दोन्ही उपद्रवांस बळ मिळतें. जिवाणूंच्या रोगावर कीटकनाशक निरुपयोगी असतें. इतकेंच नव्हे, तर गरज नसतां मारलेलें कीटकनाशक तुडतुड्यांस खाऊन टाकणाऱ्या कोळ्यांसारख्या उपकारक जीवांचा नाश करतें, आणि जे तुडतुडे आटोक्यांत राहिले असते ते मोकाट सुटतात. पाणी तुंबल्यामुळें पिवळ्या पडलेल्या भातास तर बाटलीची मुळींच गरज नसते. तेथें बांध फोडून पाणी काढून देण्यास कुदळ पुरते. तेव्हां ‘कोणतें औषध मारूं’ या प्रश्नाला जो तज्ज्ञ चटकन् एक नांव सांगून मोकळा होतो, तो उत्तर देत नसून जुगार खेळत असतो. आणि त्या जुगारांत हरण्याची पाळी आली तर किंमत तज्ज्ञाला द्यावी लागत नाहीं. ती शेतकरी आपल्या एका हंगामाच्या भातानें देतो.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत रोग्याच्या परीक्षेचीं तीन साधनें सांगितलीं आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्यानें रोग्याला डोळ्यांनीं पाहावें, हातानें चांचपावें आणि मग विचारावें. शेतीच्या सल्ल्यांतहि हीं तिन्ही साधनें एकत्र असावींत, अशी सोय या देशांत पूर्वींच झाली. दापोलीचें कोकण कृषि विद्यापीठ १९७२ मध्यें स्थापन झालें. त्याचें एक संशोधन केंद्र पालघर येथें आहे. देशांतील पहिलें कृषि विज्ञान केंद्र १९७४ मध्यें पुदुच्चेरी येथें निघालें, आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९७६ मध्यें, डहाणू तालुक्यांत कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीच्या आश्रयाखालीं तसेंच केंद्र सुरू झालें. अशा ठिकाणीं शेतकरी उपटलेला चूड किंवा किडलेला चिकू पिशवींतून घेऊन येऊं शकतो. तज्ज्ञ तो हातांत घेतो, मुळें पाहतो, फळ कापतो. विचारणारानें तोंडानें कांहीं सांगितलें नाहीं तरी चूड स्वतः बोलतो.

परंतु प्रत्येकाला कोसबाड किंवा पालघर गांठणें शक्य नसतें. म्हणून भारत सरकारनें २१ जानेवारी २००४ रोजीं किसान कॉल सेंटर ही व्यवस्था सुरू केली. विनामूल्य क्रमांकावर शेतकऱ्यानें आपल्या भाषेंत प्रश्न विचारावा, शेतकीच्या पदवीधरानें उत्तर द्यावें, आणि त्याला तें न जमल्यास वरच्या तज्ज्ञाकडे सोंपवावें, अशी ही योजना आहे. सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. पण तिनें सल्ल्याची जातच पालटली. वाग्भटाच्या तीन साधनांपैकीं दर्शन गेलें, स्पर्शन गेलें. उरला तो एकटा प्रश्न. दूरच्या तज्ज्ञाचे डोळे आणि हात आतां त्याचे स्वतःचे राहिलेले नाहींत. ते विचारणाराचे आहेत. विचारणारानेंच पाहिलें नाहीं, तर तज्ज्ञहि आंधळा. मोबाईलवरून छायाचित्र धाडतां येतें हें खरें. पण तोडलेल्या एका पानाच्या चित्रांत चुडाचा बुंधा नसतो, शेजारचें खाचर नसतें आणि गेल्या आठवड्यांत काय टाकलें याची आठवणहि नसते.

हा अनुभव केवळ शेतकी तज्ज्ञांचा नाहीं. पालघरहून थोडें उत्तरेस बोईसरला गेलें, कीं तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यांचा प्रदेश लागतो. तेथल्या यंत्रदुरुस्तीच्या जाणकारालाहि शेतकऱ्याच्या प्रश्नाचा जुळा भाऊ भेटतो : ‘मोटर चालत नाहीं, काय करूं ?’ या तीन शब्दांच्या तक्रारींत निदान चार निराळीं दुखणीं दडलेलीं असूं शकतात. मोटर अगदीं मुकी असेल तर वीज तिच्यापर्यंत पोहोंचतच नसावी. ती नुसती घूं घूं करीत असेल पण फिरत नसेल, तर विजेच्या तीन फेजांपैकीं एक गेलेली असण्याचा संभव फार; अशा वेळीं बटन दाबून धरलें तर आंतील गुंडाळी तापून जळते. ती सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर भार जास्त झाला असावा किंवा कोठें तरी अडकलें असावें. आणि मोटर फिरत असून पंपांतून पाणी येत नसेल तर फुटव्हॉल्व्ह गळका असेल, नळींत हवा धरली असेल, किंवा जोडणी उलट होऊन मोटरच उलट फिरत असेल. हा शेवटचा दोष दोन तारांची अदलाबदल केल्यानें क्षणांत जातो. ‘चालत नाहीं’ म्हणणारानें ‘घूं घूं करते पण फिरत नाहीं’ एवढें जरी सांगितलें, तरी जळणारी मोटर वांचते.

बोईसरपासून जवळच समुद्रकांठीं तारापूरचें अणुवीज केंद्र आहे. भारतांतील हें पहिलें अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देऊं लागलें. अशा केंद्रांतून यंत्रांचीं मापनें, झालेले फेरफार आणि दिसलेले बिघाड नोंदवहींत वेळच्या वेळीं टिपून ठेवण्याची शिस्त जगभर पाळली जाते. जेथें चूक अतिशय महाग पडते, तेथें माणसांनीं प्रश्नाची सामग्री आधींच तयार ठेवलेली असते, असा याचा अर्थ आहे. घरगुती व्यवहारांत मात्र ही शिस्त कोणालाच सुचत नाहीं. सुशिक्षित गृहस्थहि डॉक्टरांना रात्रीं उठवून ‘पोटांत दुखतंय, गोळी सांगा’ एवढेंच म्हणतात; कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, काय खाल्लें, ताप आहे कीं नाहीं, हें सांगण्याची त्यांनाहि आठवण राहत नाहीं. म्हणून अर्धा प्रश्न हा अडाणीपणाचा दोष नव्हे. तो घाईचा दोष आहे.

तज्ज्ञाच्या चिडीचें आणखी एक कारण आहे. त्यानें उलट चार प्रश्न विचारले, कीं विचारणाराला वाटतें, याला कांहीं येत नसावें. कोपऱ्यावरचा औषधविक्या कांहींएक न विचारतां बाटली काढून देतो, म्हणून तोच अधिक जाणता भासतो. न विचारणारा शहाणा ठरतो आणि विचारणारा अडाणी, हा न्याय सोसणें कोणत्याहि प्रामाणिक जाणकाराला जड जातें.

तरीहि या खटल्याची दुसरी बाजू ऐकल्यावांचून निकाल देणें योग्य होणार नाहीं. काय पाहावें हें ठाऊक असणें, हेंच निम्मे ज्ञान आहे. नत्र हालतें व लोह हालत नाहीं हें ज्याला माहीत, त्यालाच ‘वरचें पान कीं खालचें’ हा प्रश्न सुचणार. ज्याला तें माहीत नाहीं, त्याच्या दृष्टीनें पान पिवळें पडलें एवढीच बातमी असते, आणि ती त्यानें प्रामाणिकपणें सांगितलेली असते. पालघर जिल्ह्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा आदिवासी शेतकऱ्यांची वस्ती मोठी आहे. पुस्तकांतील किडींचीं नांवें त्यांच्या बोलींत त्याच रूपानें असतील असें नाहीं. पण चुडाचा पोंगा हातांत येतो कीं नाहीं हें त्यांच्याइतकें बारकाईनें दुसरें कोण पाहूं शकेल? त्यांना तें विचारलें मात्र पाहिजे. वैतागलेल्या आवाजांत ‘नीट सांगा’ म्हटल्यानें कोणी नीट सांगत नाहीं; तो दूरध्वनि ठेवतो आणि औषधविक्याकडे जातो. म्हणजे तज्ज्ञाच्या चिडीचा लाभ शेवटीं बाटलीलाच होतो.

या बाबतींत प्रश्नोपनिषदांतील पिप्पलाद ऋषींची कथा मार्मिक आहे. सहा जिज्ञासू हातांत समिधा घेऊन त्यांच्याकडे आले. पिप्पलादांनीं त्यांना लगेच उत्तर दिलें नाहीं. वर्षभर नेमानें राहण्यास सांगितलें आणि मग हवें तें विचारावें असें म्हटलें. पण त्याबरोबरच, आपल्याला ठाऊक असेल तर सर्व सांगूं, असें आश्वासनहि त्यांनीं दिलें. विचारणारानें आधीं तयारी करावी, आणि सांगणारानें आपल्या ज्ञानाची मर्यादा मान्य करून हातचें राखूं नये, असा दुहेरी करार त्या कथेंत आहे. पिवळ्या पडलेल्या भाताला वर्षभर थांबतां येत नाहीं. पण बांधावर उभें राहून पांच मिनिटें पाहण्यास कोणाचीच हरकत नसावी.

त्या पांच मिनिटांत काय पाहावें ? दुखणें नेमकें कोठें आहे : जुन्या भागावर कीं नव्या, सगळीकडे कीं ठिकठिकाणीं. केव्हांपासून आहे आणि वाढतें आहे कीं थांबलें आहे. तें दिसूं लागण्यापूर्वीं काय बदललें : खत, औषध, पाणी, हवा. आजवर कोणता उपाय केला आणि त्याचा काय परिणाम झाला. एवढ्या गोष्टी शेताला लागू आहेत, मोटरला लागू आहेत आणि घरांतील आजाऱ्यालाहि लागू आहेत. ज्याला त्या सुचल्या नाहींत त्याला तज्ज्ञानें त्या एकामागून एक, न रागावतां विचाराव्या. कारण पुढच्या खेपेस तोच माणूस त्या आपण होऊन सांगेल. आणि शक्य तर बोलतांना शेतकऱ्यानें दुकानांत नव्हे, शेतांत उभें असावें.

असा तयार झालेला प्रश्न कसा असतो ? ‘साहेब, लावणीला बावीस दिवस झाले. खालची पानं पिवळी, वरची हिरवी. सगळ्या खाचरांत सारखंच आहे. पोंगा ओढून पाहिला, निघत नाहीं. बुंध्याशीं किडे नाहींत, पाणी तुंबलेलं नाहीं. पावसाच्या गडबडींत युरियाचा हप्ता मात्र राहून गेला.’ एवढें ऐकल्यावर तज्ज्ञाला विचार करण्यास फारसा वेळ लागत नाहीं. आणि पुष्कळदां असें होतें, कीं शेवटचें वाक्य उच्चारतांनाच विचारणारा क्षणभर थांबतो, कारण उत्तर त्याचें त्यालाच सांपडलेलें असतें.