स्त्रियांचें एक उपेक्षित दुखणें

पंचवीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक हुशार मुलगी दरमहा दोन-तीन दिवस गैरहजर असे. “आळस सोड,” असें मीं तिला एकदां सर्व वर्गासमक्ष बजावलें. तिनें मान खालीं घातली. उत्तर दिलें नाहीं. गेल्या वर्षीं ती भेटली, तेव्हां कळलें कीं, तिला एंडोमेट्रिऑसिस नांवाचा विकार आहे व त्याचें निदान तिच्या एकतिसाव्या वर्षीं झालें. तेव्हांपासून हा विषय समजून घेण्याचा मीं यत्न केला. त्याचें सार वाचकांपुढें ठेवतों.

गर्भाशयास आंतून एक मृदु अस्तर असतें. ऋतुस्रावानंतर तें अगदीं पातळ असतें. पुढें इस्ट्रोजन या संप्रेरकामुळें तें वाढूं लागतें, आणि संभाव्य गर्भाच्या पोषणार्थ त्यांत नव्या रक्तवाहिन्या फुटतात. प्रौढ शरीरांत अशी नवनिर्मिति बहुधा जखम भरतांनाच होते. येथें मात्र ती प्रतिमास चालते. गर्भ न राहिल्यास प्रोजेस्टेरोन ओसरतें, वाहिन्या आकुंचन पावतात व अस्तर गळून पडतें. १९४० सालीं अमेरिकन संशोधक मार्की यांनीं माकडिणींच्या डोळ्यांत या अस्तराचे तुकडे बसवून हा क्रम प्रत्यक्ष पाहिला. तुकडे परक्या जागीं रुजले, आणि ऋतुकालीं तेथेंही रक्तस्राव झाला!

विकाराचें मर्म येथेंच आहे. ऋतुकालीं कांहीं रक्त अस्तराच्या कणांसह गर्भनलिकांतून उलट उदरांत जातें, असें सॅम्पसन या अमेरिकन वैद्यांनीं १९२७ सालीं मांडलें. असें पुष्कळ स्त्रियांत घडतें. परंतु कांहींच्या ठिकाणीं ते कण अंडाशयावर वा उदराच्या आवरणावर रुजतात. व्हीईजीएफ नामक प्रथिनाच्या साहाय्यानें ते शेजारच्या वाहिन्यांना नवे फांटे फोडावयास लावतात व स्वतःचें पोषण मिळवितात. मग दरमहा तेथें रक्त येतें, पण त्यास बाहेर वाट नसते. दाह होतो, अवयव एकमेकांस चिकटतात, तीव्र वेदना होतात. कित्येकींस अपत्यप्राप्तींतही अडचण येते. आनुवंशिकता व शरीराची प्रतिकारशक्ति यांचाही यांत भाग आहे.

या वाहिन्या औषधानें खुंटवाव्या, असें कोणास वाटेल. परंतु निरोगी अस्तरास व गर्भासही त्याच शक्तीची गरज असल्यामुळें तो मार्ग सोपा नाहीं. संप्रेरकांचीं औषधें व दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांनीं आराम पडतो. समूळ उच्चाटनाचा उपाय अद्याप नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें प्रजननक्षम वयाच्या सुमारें दहा टक्के स्त्रियांस हा विकार आहे, आणि निदानास वर्षानुवर्षें लागतात. “लग्न झालें कीं बरें होईल,” हें आपल्या घरांतील सांत्वन त्या विलंबास हातभार लावतें. शाळा बुडावी, अंथरूण धरावें, इतकी वेदना ही स्त्रीधर्माचा भाग नव्हे. तेथें वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

मीं त्या मुलीची क्षमा मागितली. ती म्हणाली, “सर, तुम्ही रागावलांत तरी, घरीं तर कोणी विचारलेंही नाहीं.” निदान आपण आपल्या लेकीसुनांना विचारावें, एवढीच विनंति.