‘केयी’ला किती गुण?

पहिले बोल : लेखांक ५

प्रमाणित चाचणी कशी बेततात ते मागच्या लेखांकात पाहिले. प्रत्येक मुलाला तेच प्रश्न, तीच चित्रे, त्याच सूचना. आणि शेकडो मुलांच्या उत्तरांवरून वयागणिक ठरवलेली पातळी. आता ही मोजपट्टी वाशीम जिल्ह्यातल्या अंगणवाडीत नेऊन पाहू. चार वर्षांच्या लेकरापुढे केळ्यांचे चित्र धरले; लेकरू म्हणाले, ‘केयी’. दुसऱ्या चित्रात बाई गवत कोणाला देते आहे? ‘घोड्याले.’ चाचणी पुण्या-मुंबईच्या मुलांवर बेतलेली असेल, तर तपासणारा अगदी प्रामाणिकपणे दोन चुका मांडेल. पण लेकरू चुकलेलेच नाही. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि तो नियमाने होतो : शाया, डोया, काया. ‘घोड्याले’ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी नामाचे सामान्यरूप करावे लागते, ‘घोडा’चे ‘घोड्या’. लहान मुलासाठी अवघड काम ते आहे, आणि या लेकराने ते बिनचूक केले. पुढे ‘ला’ लावायचा की ‘ले’, हे फक्त घर कुठले त्यावर ठरते. उत्तरपत्रिकेने अवघड भागाकडे काणाडोळा केला आणि सोप्या भागाचे गुण कापले.

इथवर बहुतेकांना पटते. मग निघणारा निष्कर्ष मात्र घाईचा असतो : बोली वेगळी, तेव्हा चाचणीच नको. मला तो पहिल्या चुकीपेक्षा घातक वाटतो. त्याच अंगणवाडीतले त्याच वयाचे दुसरे लेकरू ‘तेयी’ म्हणते, असे समजा. इथे ‘ळ’चा ‘य’ बोलीचा आहे, पण ‘क’चा ‘त’ कुठल्याच बोलीचा नाही. अडीच वर्षांच्या मुलात तो गोड वाटतो. चार सरल्यावरही टिकला, तर कान आणि उच्चार तपासायला हवेत. ‘इकडं असंच बोलतात’ म्हणणारा उदार मनाचा तपासनीस दोघांनाही सोडून देईल, आणि ज्याला मदतीची गरज होती त्याची वर्षे वाया जातील. कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या बाबतीत सुरुवातीची वर्षे किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको. म्हणजे मोजपट्टी फेकायची नाही. ‘केयी’ आणि ‘तेयी’ यांत फरक करील अशी ती घडवायची.

याच जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात बंजारा तांड्यांवर प्रश्न आणखी खोल जातो. तिथल्या लेकराची पहिली भाषा गोरबोली; आईला ते ‘याडी’ म्हणते, भाकरीला ‘बाटी’. मराठी त्याच्या कानावर मुख्यतः अंगणवाडीत पडते. त्याचे मराठी शब्द मोजून ‘शब्दसंग्रह कमी’ असा शेरा मारणे म्हणजे एका खिशातले पैसे मोजून माणसाला गरीब ठरवणे. (जनगणना तरी कुठे वेगळे करते? २०११ साली ३२ लाखांहून अधिक लोकांनी सांगितलेली ही मातृभाषा तिने हिंदीच्या गटात टाकली.) इथे वाक्-चिकित्सकांचा एक जुना, साधा निकष कामी येतो : भाषाविकासातला खरा दोष मुलाच्या सर्व भाषांत दिसतो. मराठीत अडखळणारे मूल गोरबोलीत घडाघडा बोलत असेल, तर त्याला मराठीचा सहवास हवा, उपचार नव्हे. दोन्हीकडे अडखळत असेल, तर मात्र थांबू नये.

यावर आक्षेप येतो : शाळा प्रमाण मराठीतच शिकवते, केंद्र सरकारचे ‘निपुण भारत’ अभियान दुसरीच्या मुलाकडून मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचे वाचन मागते, मग प्रमाण मराठीतच का मोजू नये? जरूर मोजावे. पण शाळेची भाषा किती आली हे एक माप, आणि भाषा शिकण्याची कुवत शाबूत आहे का हे दुसरे. पहिल्याच्या निकालावरून दुसऱ्याचा निवाडा करता येत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा : बोलीगणिक चाचणी कोण करणार? गावागणिक नवी चाचणी लागतच नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांची इंग्रजी ‘चुकीची’ ठरत असे. हॅरी सीमोर, टॉम रोपर आणि जिल डी व्हिलियर्स यांनी तिथे २००३ साली जी चाळणी-चाचणी आणली, तिचे दोनच भाग होते : पहिल्यात मुलाची बोली किती वेगळी ते पाहायचे, दुसऱ्यात दोषाचा धोका, तोही बोलीभेद आड येणार नाही अशा प्रश्नांतून. आपल्याकडेही २०२२च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात २० भाषांचे वाचनाचे निकष वेगवेगळे ठरवले गेले. भाषेभाषेतला फरक मान्य झाला आहे. उत्तरपत्रिकेत ‘घोड्याला’पुढे ‘घोड्याले’ छापायला कितीशी शाई लागते?

तोवर पालकांच्या हातात एक गोष्ट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि विकासातला विलंब तपासणे हे त्याचे कामच आहे. त्या दिवशी आईने किंवा आजीने लेकराजवळ थांबावे, घरी कोणती भाषा बोलतात ते आधी सांगावे, आणि लेकरू गप्प बसले तर तोच प्रश्न घरच्या बोलीत विचारून उत्तर पथकाला ऐकवावे.