गाडी एक, नावे दोन

दुकानात दोन छत्र्या ठेवल्या आहेत. कापड सारखेच, दांडा सारखाच, किंमतही जवळजवळ सारखीच. दुकानदार एका छत्रीकडे बोट दाखवतो आणि हळूच म्हणतो, "ही फॉरेनची आहे." आता तुम्ही कोणती छत्री उचलाल? पुष्कळ लोक छत्री उघडूनही न पाहता 'फॉरेनची' म्हणून तीच घेतील. मराठीत अशा वेळी दोन म्हणी आठवतात. लांबची वस्तू उगाच चांगली वाटते, तेव्हा म्हणतात 'दुरून डोंगर साजरे'. जवळच्या वस्तूला किंमत मिळत नाही, तेव्हा म्हणतात 'पिकते तेथे विकत नाही'.

छत्री घेताना चूक झाली तर फारसे बिघडत नाही. मोटारगाडीचे तसे नाही. गाडी घेण्यासाठी माणूस अनेक वर्षे पैसे साठवतो किंवा कर्ज काढतो. मग त्याच गाडीत तो आपल्या मुलाबाळांना बसवतो. अशी मोठी वस्तू लोक कशी निवडतात? तिचा दर्जा पाहून, की तिच्यावरचे नाव पाहून?

'दर्जा' हा शब्द उर्दूतही आहे, म्हणून तो तुम्हांला नवा नाही. गाडीचा दर्जा म्हणजे काय? गाडी किती वेळा बिघडते? ब्रेक दाबल्यावर ती किती अंतरात थांबते? अपघातात आतली माणसे कितपत सुरक्षित राहतात? या गोष्टी मोजता येतात. लोकांचा समज मात्र मोजमाप करून तयार होत नाही. तो ऐकीव गोष्टींतून, जुन्या आठवणींतून आणि जाहिरातींतून तयार होतो. दर्जा आणि समज यांत किती अंतर पडू शकते, हे अमेरिकेतील एका कारखान्याच्या हकिकतीवरून चांगले कळते.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात फ्रीमाँट नावाचे गाव आहे. तेथे जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. या कारखान्याचे नाव फार बदनाम होते. अनेक कामगार वारंवार गैरहजर राहत. मालक आणि कामगार यांच्यात सतत तंटे होत. तयार झालेल्या गाड्यांत खूप दोष निघत. शेवटी १९८२ साली कंपनीने तो कारखाना बंद केला. "येथील कामगारच वाईट आहेत," असे लोक बोलू लागले.

त्यानंतर जनरल मोटर्सने टोयोटा या जपानी कंपनीशी भागीदारी केली. १९८४ साली तोच कारखाना 'न्यूमी' या नव्या नावाने पुन्हा सुरू झाला. त्यात कामाला कोण आले? बहुतेक जुनेच कामगार! मात्र काम करण्याची पद्धत बदलली. शेकडो कामगारांना जपानला पाठवून तेथील काम दाखवण्यात आले.

मोटारीच्या कारखान्यात गाड्या एका सरकत्या पट्ट्यावरून पुढे जातात आणि प्रत्येक कामगार त्यांना एकेक भाग जोडतो. जुन्या पद्धतीत हा पट्टा काहीही झाले तरी थांबवायचा नाही, असा दंडक होता. स्क्रू तिरपा बसला तरी गाडी पुढे जाई. दोष शेवटी दुरुस्त करत, आणि काही दोष तसेच राहून जात. न्यूमीमध्ये कामगाराच्या डोक्यावर एक दोरी टांगलेली असे. काही चुकले की त्याने ती ओढायची. लगेच त्या गटाचा प्रमुख मदतीला धावून येई. दोष तेवढ्या वेळात दूर झाला नाही, तर पट्टा थांबे. ज्या कामगारांवर पूर्वी कोणी विश्वास ठेवत नव्हते, त्यांच्याच हाती आता सारा पट्टा थांबवण्याचा अधिकार आला होता.

याचा परिणाम काय झाला? एमआयटी या अमेरिकेतील नामांकित संस्थेच्या संशोधकांनी तीन कारखान्यांची तुलना केली. भाग जोडताना राहिलेले दोष त्यांनी मोजले. जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम येथील जुन्या पद्धतीच्या कारखान्यात १९८६ साली दर १०० गाड्यांमागे १३० दोष आढळले. जपानमधील टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात ४५ दोष आढळले. आणि १९८७ साली न्यूमीमध्ये? तेथेही ४५च! ज्यांना लोक वाईट कामगार म्हणत होते, त्यांनी जपानच्या तोडीचे काम करून दाखवले होते. दोष माणसांच्या देशात नव्हता. तो काम करून घेण्याच्या पद्धतीत होता.

आता या हकिकतीचा दुसरा भाग पाहू. न्यूमीमध्ये एकाच पट्ट्यावर दोन नावांच्या गाड्या तयार होत. एक होती टोयोटा कोरोला. दुसरी जनरल मोटर्सची. तिचे नाव जिओ प्रिझम. दोघींचे इंजिन तेच, सांगाडा तोच आणि बनवणारे हातही तेच. बाहेरचा मुखवटा, दिवे आणि आतील सजावट यांत काही फरक होता. कोरोलाला लोक 'परदेशी' गाडी म्हणत आणि प्रिझमला 'देशी' गाडी म्हणत. खरे तर दोन्ही गाड्या मुळात जपानी आराखड्यावर आधारलेल्या होत्या आणि दोन्ही कॅलिफोर्नियातच बनत होत्या.

बाजारात मात्र दोघींचे नशीब सारखे नव्हते. कोरोलाची किंमत थोडी जास्त असूनही तिलाच अधिक गिऱ्हाईक मिळे. काही वर्षे वापरून गाडी विकायला काढली, तर कोरोलाला चांगले पैसे येत आणि प्रिझमला कमी येत. ज्यांना ही गोष्ट ठाऊक होती, ते हुशार ग्राहक जुनी प्रिझम घेत. जवळजवळ तीच गाडी त्यांना कमी पैशांत मिळे!

असे का होते? याची तीन कारणे समजून घ्या.

पहिले कारण असे, की वस्तू बदलते पण तिच्या नावाबरोबरची आठवण लवकर बदलत नाही. गाडी रस्त्यावर दहा-पंधरा वर्षे धावते. आज कारखाना सुधारला, तरी त्याच्या जुन्या, खडखडणाऱ्या गाड्या लोकांच्या डोळ्यांसमोर असतात. जपानलाही हा अनुभव आला आहे. १९५८ साली टोयोटाने अमेरिकेत 'टोयोपेट क्राउन' ही गाडी विकायला आणली. अमेरिकेतील लांब, वेगवान रस्त्यांवर तिचे इंजिन कमी पडे आणि तापे. थोड्याच वर्षांत कंपनीला ती परत घ्यावी लागली. त्या काळी 'जपानी माल' म्हणजे स्वस्त आणि तकलादू माल, असेच लोक समजत. जपानी कारखानदारांनी वाद घातला नाही. त्यांनी माल सुधारला. १९५० साली डेमिंग या अमेरिकन तज्ज्ञाने त्यांना आकडेवारीच्या मदतीने दोष शोधण्याची पद्धत शिकवली. १९५१पासून उत्तम दर्जासाठी त्याच्या नावाने पारितोषिक देण्यास सुरुवात झाली. १९७३ साली पेट्रोल महागले, तेव्हा अमेरिकन लोक कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी गाड्यांकडे वळले. जपानी मालाविषयीचा समज बदलायला अशी पंधरा-वीस वर्षे जावी लागली.

दुसरे कारण असे, की आपल्या मनात जे आधीच ठरलेले असते, त्याचाच पुरावा आपण गोळा करतो. समजा, एकाच दिवशी दोन शेजाऱ्यांच्या गाड्या बंद पडल्या. एक परदेशी नावाची आणि एक देशी नावाची. पहिलीबद्दल लोक म्हणतात, "पेट्रोलमध्ये कचरा असेल." दुसरीबद्दल म्हणतात, "देशी गाडी, दुसरे काय होणार?" बिघाड एकच, पण निकाल दोन!

तिसरे कारण असे, की एका माणसाचा अनुभव आपल्याला हजार आकड्यांपेक्षा मोठा वाटतो. एक कंपनी वर्षाला लाखो गाड्या बनवते. आपल्या मामांच्या एका गाडीवरून त्या सर्व गाड्यांची परीक्षा होत नाही.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. लोकांचा समज नेहमीच खोटा असतो, असे नाही. फ्रॅमिंगहॅमच्या १३० दोषांचा आकडा तुम्ही वाचलाच. त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्या खरोखरच कमी दर्जाच्या होत्या आणि ग्राहकांची तक्रार रास्त होती. म्हणून 'परदेशी ते सगळे चांगले' हा जसा समज आहे, तसाच 'आपले ते सगळे चांगले' हाही समजच आहे. दोन्ही तपासून पाहावे लागतात.

आपल्या देशात अशी एक तपासणी झाली, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्यांची सुरक्षितता तपासते. गाडीत माणसाच्या आकाराचे पुतळे बसवतात आणि ती ठरावीक वेगाने अडथळ्यावर आदळवतात. पुतळ्यांना किती इजा झाली असती हे मोजून गाडीला शून्य ते पाच तारे देतात. जानेवारी २०१४मध्ये या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांचे निकाल जाहीर केले. त्या गाड्या होत्या मारुती सुझुकी अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. त्यांत देशी नाव होते, जपानी होते, कोरियन होते, अमेरिकन होते आणि जर्मनही होते. तासाला ६४ किलोमीटर वेगाच्या धडकेत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले!

या निकालातही बारकाईने पाहण्यासारखे काही होते. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा धडकेनंतर टिकून राहिला. इतर तिघींचा टिकला नाही. पण तपासलेल्या एकाही गाडीत धडकेच्या वेळी फुगणारी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, नव्हती. पोलो ही पुण्याजवळच्या चाकण येथे बनत असे. तिचाच दोन एअरबॅग असलेला नमुना तपासला, तेव्हा त्याला चार तारे मिळाले. नाव तेच, कारखाना तोच; फरक दोन पिशव्यांचा. पुढे डिसेंबर २०१८मध्ये टाटांच्या नेक्सॉन या गाडीला याच संस्थेने पाच तारे दिले. ही गाडी पुणे जिल्ह्यातील रांजणगावला तयार होते. १ ऑक्टोबर २०२३पासून 'भारत एनकॅप' ही आपल्या देशाची स्वतःची तपासणी योजनाही सुरू झाली आहे.

फ्रीमाँटचा तो भागीदारीतला कारखाना २०१० साली बंद झाला. आता त्या जागी टेस्ला ही कंपनी विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवते. प्रिझमही रस्त्यांवर क्वचितच दिसते. पण तिची हकिकत आपल्या उपयोगाची आहे. उद्या घरात गाडीच काय, साधा पंखा किंवा सायकल घ्यायची असेल, तर आधी विचारा : ही वस्तू कोणी तपासली आहे? तपासणीत काय आढळले? बिघडली तर दुरुस्ती कोठे होईल? हमी किती दिवसांची आहे? 'कोणत्या देशाची?' हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालेल.

शब्दार्थ

समज – मनाशी धरलेले मत
दंडक – कडक नियम
तकलादू – लवकर मोडणारे, कच्चे
आराखडा – वस्तू कशी बनवायची याचा नकाशा
रास्त – योग्य

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फ्रीमाँटचा जुना कारखाना कोणत्या साली बंद झाला?
(आ) न्यूमीमधील कामगार दोरी केव्हा ओढत?
(इ) एअरबॅग म्हणजे काय?

२. कारणे सांगा.
(अ) काही ग्राहक जुनी प्रिझम विकत घेत.
(आ) १९७३नंतर अमेरिकन लोक जपानी गाड्यांकडे वळले.

३. 'दोष माणसांच्या देशात नव्हता. तो काम करून घेण्याच्या पद्धतीत होता.' असे लेखकाने का म्हटले आहे, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. 'दुरून डोंगर साजरे' आणि 'पिकते तेथे विकत नाही' या अर्थाच्या उर्दू म्हणी शोधा व वर्गात सांगा.

५. उपक्रम : दोन वह्यांची नावे कागदाने झाका. कागद, शिलाई आणि किंमत पाहून चांगली वही निवडा. मग नावे पाहा. तुमचे मत बदलते का?