चुकीच्या पाकिटातली रेकॉर्ड

वऱ्हाडातल्या नांदुऱ्यात आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, लाऊडस्पीकरचा धंदा होता. धंदा म्हणजे दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी, चावीवर फिरणारं रेकॉर्डचं ताट आणि पत्र्याच्या पेटीत शे-सव्वाशे रेकॉर्डी. लग्नसराईत हे सगळं बैलगाडीत घालून आम्ही घाटाखालची गावं पालथी घालायचो. आम्ही म्हणजे अण्णा, गाडीवाला आणि मी. भावाला भोंग्याच्या आवाजाने रडू यायचं, म्हणून मी.

माझ्याकडे दोन कामं असत, चावी भरायची आणि पिन बदलायची. ७८ च्या रेकॉर्डला, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जड काळ्या थाळीला, दर बाजूला नवी पिन लागते. त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. ही रेकॉर्ड लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे जी लाख करतात तीच, तिच्यात दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. (ते तंतू खामगावच्या कापसाचे होते असा माझा दावा नाही.) दगडाची भुकटी मुद्दाम घालत, कारण रेघेच्या जागी पिनच झिजायला हवी. तीन-साडेतीन मिनिटांत पोलादी टोक घासून बोथट होतं आणि तीच पिन पुढच्या गाण्याला लावली की रेकॉर्ड खरवडली जाते. मी मात्र तेव्हा 'अण्णा रागावतात' एवढ्याच कारणासाठी पिन बदलायची.

अण्णांचा दुसरा नियम असा, की लागलेली रेकॉर्ड मध्ये उचलायची नाही. लोक हसोत, ओरडोत, नवरी रडो. पुरी वाजू द्यायची.

१९६१ च्या मे महिन्यात मोताळा तालुक्यातल्या एका गावात हा नियम आमच्या अंगाशी आला. नवरदेवाचा परण्या, म्हणजे मांडवाकडे जायची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून निघायच्या बेतात होता. डफडेवाले पुढे उभे. अण्णांनी 'अलबेला' सिनेमाची रेकॉर्ड लावायला सांगितली, मी पाकिटावर नाव वाचलं, रेकॉर्ड काढली, पिन बदलली आणि टेकवली. आतून एक गोरा माणूस इंग्रजीत घड्याळाचे आकडे मोजायला लागला. भोंगा लिंबावर बांधलेला, सगळा गाव त्याच्या तोंडासमोर.

"काय लावलं बे हे?" कुणीतरी म्हातारा म्हणाला. "पोट्टीनं रेकॉर्ड बिघडवली वाट्टे."

मी हात पुढे केला. अण्णा म्हणाले, "राहू दे. उचलू नको."

ती रेकॉर्ड भुसावळहून आलेली. तिथल्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबं बरीच होती. त्यातली काही त्या वर्षांत परदेशी निघाली आणि जाताना सामान विकत गेली. अण्णांनी चाळीसेक रेकॉर्डींचा एक गठ्ठा न ऐकताच उचलला होता. त्यात तीन इंग्रजी निघाल्या. त्यांची पाकिटं फाटकी होती, म्हणून कुणीतरी, बहुधा मीच, त्या रिकाम्या पाकिटांत सरकवल्या होत्या.

गाणं होतं बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक'. मला ते नाव कळायला पुढे पंधरा वर्षं लागली. पण डफड्यावरच्या माणसाला नावाची गरज पडली नाही. पहिलं कडवं तो नुसता ऐकत होता. दुसऱ्या कडव्याला त्याने काडी उचलली आणि जिथे मारायला हवी तिथे न मारता किंचित थांबून मारली. तिथून पुढे पोरं नाचायला लागली ती गाणं संपेपर्यंत. गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. संपल्यावर पुन्हा लावायचा हुकूम आला. मी पिन बदलली.

त्याने किंचित थांबून मारलं म्हणजे काय केलं, हे जरा सांगते, कारण रॉक अँड रोलचा निम्मा जीव तिथे आहे. एक-दोन-तीन-चार मोजा. भजनात आपली टाळी समेवर, एकवर पडते. शेगावच्या पालखीत पावली खेळणाऱ्यांचे पाय बघा, वजन तिथेच येतं. रॉक अँड रोलमध्ये ढोलाचा खणखणीत ठोका दोनवर आणि चारवर पडतो. एकवर अंग तयार होतं आणि दोनवर झटका बसतो. ही चाल अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लूजमधून आणि नाचाच्या गाण्यांतून आली, तिच्यात गोऱ्या खेडुतांची गिटार मिसळली. ब्लूजची बांधणी साधी असते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरी ओळ तिला उत्तर देते. जात्यावर बसणाऱ्या बायाही ओवीची ओळ घोळवून घोळवून पुढे सरकत. माझी आजी तशीच गायची. आजीला बिल हेली आवडला असता असं मात्र मी म्हणणार नाही. तीही त्या लग्नाला होती, आणि तिने कानात बोटं घातली होती.

त्या गाण्याची हकीकत वाचली तेव्हा मला आमच्या परण्याची आठवण झाली. न्यू यॉर्कमध्ये १२ एप्रिल १९५४ ला ते ध्वनिमुद्रित झालं आणि आधी दुसऱ्या एका गाण्याच्या मागच्या बाजूला छापून निघालं. फारसं कुणी विचारलं नाही. त्यात गिटारचा जो झपाटलेला तुकडा आहे तो वाजवणारा डॅनी सेड्रोन त्या कामाचे एकवीस डॉलर घेऊन घरी गेला आणि दोन महिन्यांत जिन्यावरून पडून वारला. गाणं तसंच विसरलं गेलं असतं. पण ग्लेन फोर्ड नावाच्या नटाच्या मुलाकडे, पीटरकडे, ती रेकॉर्ड होती. पोरगा नऊ-दहा वर्षांचा. बापाच्या 'ब्लॅकबोर्ड जंगल' या सिनेमाचा दिग्दर्शक रिचर्ड ब्रूक्स घरी आला, तरुण पोरं काय ऐकतात म्हणून त्याच्याकडच्या रेकॉर्डी घेऊन गेला. १९५५ मध्ये सिनेमा लागला, नामावलीवर हे गाणं वाजलं आणि थिएटरात पोरं खुर्च्यांमधून उठून नाचली. त्या जुलैत ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पीटरची रेकॉर्ड त्याला परत मिळाली का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. रेकॉर्ड उसनी देणाऱ्या प्रत्येकाला पडतो.

आता खामगावकडे येते.

गेली काही वर्षं महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही सहा-सात जण खामगावात एका टेलरकाकांच्या दुकानामागच्या खोलीत जुन्या रेकॉर्डी ऐकायला जमतो. भुसावळहून एक निवृत्त रेल्वे गार्ड येतात, जिनिंगमधले एक जुने मुनीम असतात, एक प्राध्यापक, आणि बायकांत मी एकटी. प्रत्येकाने एकच रेकॉर्ड आणायची, ती कुठून मिळाली ते सांगायचं, आणि वाजत असताना बोलायचं नाही. 'मध्ये उचलायची नाही' हा अण्णांचा नियम मी घातला. मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' १९९० पासून हेच काम रीतसर करते. नारायण मुलानी तिचे संस्थापक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सुरेश चांदवणकर यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं खपून जुन्या रेकॉर्डींची माहिती गोळा केली. आमच्याकडे ना घटना ना वर्गणी. चहा आणि शेगावची कचोरी, तीही ज्याची रेकॉर्ड अडकेल त्याच्याकडून.

गेल्या पावसाळ्यात वाद निघाला, की रॉक अँड रोलची पहिली रेकॉर्ड कोणती. जगभरचे शौकीन यावर भांडत आलेत. प्राध्यापकांनी 'रॉकेट ८८' चं नाव घेतलं. मार्च १९५१, मेम्फिस, गायक जॅकी ब्रेन्स्टन, बँड आईक टर्नरचा. तिची एक गोष्ट सांगतात. स्टुडिओकडे जाताना वाटेत अ‍ॅम्प्लिफायरला मार बसला आणि आतल्या स्पीकरचा पडदा फाटला. तिथे सॅम फिलिप्सने फाटक्या जागी कागद कोंबला, आणि जो घोगरा, चिरकलेला आवाज आला तो तसाच ठेवला. हे ऐकून मला हसू आवरेना. अण्णा फाटक्या पडद्याला कणकेच्या खळीने वर्तमानपत्र चिकटवत आणि आवाज घोगरा आला की लग्नघरचे पैसे कापत.

गार्डसाहेबांचं मत एल्विसच्या बाजूने. मुनीमजी शांतपणे म्हणाले, "१९५१ म्हणता ना? मग माझी लावा." आणि त्यांनी 'अलबेला' काढली.

सगळे हसले, पण मला त्यात तथ्य दिसलं. 'अलबेला' १९५१ चाच. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, संगीत शिकले नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे. नायक-दिग्दर्शक भगवानदादा, म्हणजे भगवान आबाजी पालव, जन्म अमरावतीचा. त्या सिनेमात अंगावर झालरीच्या बाह्या घालून ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट हा गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो वाझ. 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असा सगळा ताफा आहे, आणि गायला लताबाईंबरोबर खुद्द चितळकर.

हे रॉक अँड रोल आहे का? माझ्या मते नाही. हे स्विंग आहे, थोडं लॅटिन नाचाचं वळण आहे. पण रॉक अँड रोल ज्या नाचघरांतून बाहेर पडलं, त्याच घरचं हे भावंड, आणि मोताळ्याच्या पोरांनी दोन्हींवर तोच नाच केला होता. भगवानदादांचा नाच आठवा. पाय जेमतेम हलतात, सगळं काम खांदे आणि हात करतात. असा नाच कुणालाही जमतो, म्हणूनच वऱ्हाडातल्या लग्नांत अजून प्रत्येक काका तसाच नाचतो.

खरं हिंदी रॉक अँड रोल १९५७ मध्ये आलं, आणि इथेही दोन्ही माणसं आपलीच. एक पुन्हा सी. रामचंद्र. 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' त्यांचं, एक बाजू किशोरकुमार, एक आशाबाई. त्या निरर्थक बडबडीत कोकणीतलं 'माका नाका', म्हणजे 'मला नको', दडलेलं आहे, ते त्यांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी घुसवलं असं सांगतात. त्याच वर्षी 'बारिश'मध्ये त्यांनी बिल हेलीच्या दुसऱ्या एका गाण्याची चाल उचलली. दुसरे एन. दत्ता, गोव्याचे दत्ता नाईक. पुढे मराठीत 'मधुचंद्र' आणि 'अपराध'ची हळुवार गाणी केली तेच हे. 'मिस्टर एक्स'मधलं त्यांचं 'लाल लाल गाल' रफींनी गायलं, आणि ते म्हणजे सरळ सरळ 'रॉक अराउंड द क्लॉक'. गार्डसाहेबांनी ती रेकॉर्ड आणली तेव्हा मी माझी इंग्रजी आणली होती. लागोपाठ दोन्ही वाजवल्या. टेलरकाका म्हणाले, "कापड तेच, शिलाई वेगळी." मला रफींची शिलाई थोडी सैल वाटली, पण माणूस मजेत गातोय हे कळतं.

गंमत बघा. हे सगळं चाललं होतं तेव्हा आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना दार बंद होतं, आणि बंद करणारे मंत्रीही मराठीच, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यामुळे १९५२ च्या डिसेंबरपासून अख्खा देश बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' ऐकायला लागला. आमच्या गल्लीत एका कापूस दलालाकडे रेडिओ होता. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा-जायचा, गेला की सगळे पुढे झुकायचे, जणू झुकल्याने परत येणार. १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती आली तेव्हा कुठे आकाशवाणीचं ते दार उघडलं. पण रेकॉर्डीवर कुणाची बंदी नव्हती. अण्णांचा धंदा त्या वर्षांत जोरात चालला तो त्यामुळेही.

आणि खेड्यांत वीज नव्हती त्यामुळेही. इंग्लंड-अमेरिकेत १९६० च्या सुमारास लाखेच्या रेकॉर्डी बंद पडल्या. आपल्याकडे चावीची यंत्रं घरोघरी होती, म्हणून कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात त्या पुढेही निघत राहिल्या. इतक्या, की बीटल्सची गाणीसुद्धा तिथे ७८ वर छापली गेली. परदेशी संग्राहक आज त्या वेड्यासारख्या शोधतात. मुनीमजींनी तसली एक भंगारात बघितली होती म्हणे. घेतली का नाही, असं विचारलं की ते कचोरी मागवतात.

माझ्या त्या इंग्रजी रेकॉर्डला कडेपासून दीड बोट तडा आहे. १९६४ मध्ये धाकटा भाऊ पेटीवर बसला, ही तिची खूण. दर फेऱ्याला पिन तड्यावरून उडते आणि 'टक' होतं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा. गाणं त्याहून बरंच जलद आहे, त्यामुळे ते टक कधी एकवर पडतं, कधी दोनवर, कधी भलत्याच ठिकाणी. परवाच्या रविवारी मी ती पुन्हा नेली. गार्डसाहेब डोळे मिटून मांडीवर बोट आपटत होते आणि बोट टकटकीच्या मागे लागून सारखं चुकत होतं. तिसऱ्या कडव्याला त्यांनी बोट उचललं, टक होऊ दिलं आणि किंचित थांबून मारलं.

टेलरकाका उठून म्हणाले, "ताई, पुन्हा लावा."

डबीतून मी नवी पिन काढली.