तिनाचे बत्तीस हजार

‘द केरला स्टोरी’ खोटा आहे की खरा, यावर भांडून झाले. त्यातला गुणाकार मात्र फारसा कुणी तपासला नाही.

२० मे २०२३, संध्याकाळचे पाच. सर्वोच्च न्यायालयात ‘द केरला स्टोरी’च्या निर्मात्यासाठी ठरलेली ही मुदत. चित्रपट ५ मे रोजी लागला होता, म्हणजे तोवर पंधरवडा उलटला होता. मुदतीच्या आत चित्रपटाच्या सुरुवातीला एक पाटी जोडायची होती. पाटीवरचा मजकूर दोन गोष्टींची कबुली देणारा होता: धर्मांतराच्या ३२ हजार किंवा दुसऱ्या कुठल्याही आकड्याला आधार देणारी अधिकृत माहिती नाही, आणि हा चित्रपट म्हणजे या विषयाचे काल्पनिक रूप आहे. निर्मात्याच्या बाजूने उभे असलेल्या हरीश साळवे यांनीच ही पाटी लावायची तयारी दाखवली. समोर तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे खंडपीठ होते.

बाहेर जाहिरात सत्यकथेची आणि आत पडद्यावर पाटी कल्पनेची. तिकीट काढणाऱ्याने यातले काय खरे मानायचे?

‘हा प्रचारपट की सत्य’ या वादात गेल्या काही वर्षांत एवढी धूळ उडाली, की दोन्ही बाजूंना एकमेकांचे चेहरेसुद्धा दिसेनासे झाले. एका बाजूला पंतप्रधान कर्नाटकातल्या प्रचारसभेत चित्रपटाचे नाव घेत होते; मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशने तो करमुक्त केला होता. दुसऱ्या बाजूला पश्चिम बंगालने बंदी घातली, तमिळनाडूतल्या मल्टिप्लेक्सनी खेळ थांबवले. गंमत अशी, की ज्या केरळची ही गोष्ट, त्या केरळच्या सरकारने कडाडून टीका केली. पण बंदी घातली नाही.

आकडा आला कुठून?

नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिला टीझर आला. बुरख्यातली अभिनेत्री अदा शर्मा कॅमेऱ्याकडे बघून सांगते, की नर्स व्हायचे तिचे स्वप्न होते, आता ती अफगाणिस्तानच्या तुरुंगात आहे आणि तिच्यासारख्या ३२ हजार मुली आहेत. पुढे एप्रिलमध्ये ट्रेलर आला, वाद पेटला, आणि यूट्यूबवर ट्रेलरखालच्या मजकुरातल्या ३२ हजार मुली एकाएकी तीन झाल्या. केरळ उच्च न्यायालयात निर्मात्याने तो टीझरही मागे घ्यायचे मान्य केले.

दिग्दर्शक सुदिप्तो सेन यांनी आकड्याचा उगम सांगितला होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केरळचे तत्कालीन मुख्यमंत्री ओमन चंडी यांनी विधानसभेत दरवर्षी २,८०० ते ३,२०० मुली इस्लाम स्वीकारतात असे सांगितले होते. त्याला दहा वर्षांनी गुणले की झाले. चंडी यांनी २०१२ मध्ये माहिती दिली होती, हे खरे. पण ती होती २००६ पासूनच्या वर्षांची एकत्रित. त्या काळात ७,७१३ जणांनी इस्लाम स्वीकारला, त्यांत तरुण स्त्रिया २,६०० हून अधिक. आणि २,८०३ जण हिंदू धर्मात आले. ‘लव्ह जिहाद’च्या नावाने मुस्लिमांविरुद्ध द्वेष पसरवू देणार नाही, असेही त्यांनी त्याच वेळी बजावले होते.

म्हणजे सहा वर्षांची बेरीज एका वर्षाची ठरली, मग ती दहाने गुणली गेली. त्याहून मोठी चलाखी शब्दांत झाली. ‘धर्म बदललेली’ या शब्दाच्या जागी कधी ‘फसवलेली’ आला आणि कधी ‘दहशतवादी’ आला, हे प्रेक्षकाला कळलेच नाही. कुणी लग्नासाठी धर्म बदलतो, कुणी श्रद्धेने, कुणी जातीच्या जाचातून सुटायला. या साऱ्यांना सीरियाच्या वाळवंटात नेऊन बसवण्यासाठी कॅल्क्युलेटर पुरत नाही.

आता जगाचा हिशेब पाहा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या कट्टरतावादाचा अभ्यास करणाऱ्या केंद्राने २०१८ मध्ये जमवलेल्या माहितीनुसार, इराक-सीरियात ‘इस्लामिक स्टेट’कडे गेलेले परदेशी नागरिक ४१,४९०. देश ८०. त्यांत स्त्रिया ४,७६१. फ्रान्स, ट्युनिशिया, रशिया सारे धरून एवढ्या. आणि एकट्या केरळमधून त्याच्या सहापटीहून अधिक? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या २०२० सालच्या अहवालात भारतीय वंशाचे ज्ञात लढवय्ये किती, तर ६६.

कासरगोडहून खरेच कोण गेले?

पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. ‘असे काही घडलेच नाही’ हे म्हणणेही तितकेच खोटे आहे. ३२ हजार म्हणणाऱ्याने हजारोंनी गुणले, तर ‘सगळी अफवा’ म्हणणारा शून्याने गुणतो.

कुर्ल्याहून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस मंगळूर ओलांडून केरळात शिरते ती कासरगोड जिल्ह्यातून. हा सात भाषांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो, आणि त्या सातांत मराठी आणि कोकणीही आहेत. २०१६ च्या मे-जूनमध्ये याच जिल्ह्यातून आणि पालक्काडमधून बायका-मुले धरून २१ जण नाहीसे झाले. आखाती देश, मग इराण असे करत ते अफगाणिस्तानातल्या नांगरहार प्रांतात ‘इस्लामिक स्टेट’च्या तळावर पोहोचले. त्यांत डॉक्टर होते, इंजिनिअर होते. कित्येक जोडपी होती. पुढे यातल्या पुरुषांपैकी अनेक जण मारले गेले. चार विधवा अफगाण फौजांच्या हाती लागून काबूलच्या तुरुंगात गेल्या. त्यांतल्या तिघी धर्मांतरित: एक जन्माने हिंदू, दोन ख्रिस्ती. चित्रपट ज्या ‘तीन मुलीं’वर बेतल्याचे सांगतो, त्याचे मूळ इथे आहे.

हे सत्यच आहे, आणि भयंकर आहे. पण ते नीट पाहिले की चित्रपटाची चौकट डगमगू लागते. त्या २१ जणांत बहुसंख्य जन्माने मुस्लिम होते. त्यांना प्रेमाच्या जाळ्यात ओढायची गरजच पडली नाही. तिघींपैकी दोघींचे नवरे एकमेकांचे सख्खे भाऊ, आणि ते स्वतः जन्माने ख्रिस्ती, नंतर मुस्लिम झालेले. म्हणजे इथे फूस लावणारा मुस्लिम प्रियकर आणि फसलेली हिंदू मुलगी असा सरळ साचा बसत नाही. आणि हे सारे उघडकीला आले ते कुणामुळे? पडन्ना आणि तृक्करिपूर या गावांतल्या मुस्लिम आईबापांमुळे. आपली मुले, सुना, नातवंडे परागंदा झाली, म्हणून तेही पोलिसांच्या आणि पुढाऱ्यांच्या दारात गेले.

चित्रपटात हा मुस्लिम बाप कुठे आहे? कुठेच नाही. नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहातली मैत्रीण असिफा असो, प्रियकर असो की मौलवी, पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक मुस्लिम कटात सामील. प्रचार खोट्या घटनेवर कमी आणि गाळलेल्या माणसावर जास्त चालतो. ज्याने गोष्ट गुंतागुंतीची होईल, तो माणूस संकलनाच्या टेबलावरच निकालात निघतो.

कल्याणची आठवण

आपल्या महाराष्ट्रालाही मुले अशी परागंदा होण्याचा अनुभव नवा नाही. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेले आणि तिथून ‘इस्लामिक स्टेट’कडे पळाले. शिकलेली, मध्यमवर्गी घरांतली मुले. त्यांतला एक नोव्हेंबरमध्ये परतला आणि एनआयएने त्याला अटक केली. त्यांना कुणा प्रेयसीने भुलवले नव्हते. इंटरनेटवरचे व्हिडिओ, अन्यायाची चीड, ‘शुद्ध’ राज्याचे स्वप्न आणि या वयात असते ती काहीतरी अचाट करण्याची खुमखुमी यांचे ते मिश्रण होते. कट्टरता अशी शिरते. ती आधी घरातल्यांशी बोलणे तोडते, मग घर तोडते. आईवडील, मित्र, मोहल्ल्यातली मशीद यांपैकी कुणाशी तरी बोलणे चालू राहिले, तरच मूल परत येण्याची आशा असते. ज्या गोष्टीत त्या मोहल्ल्यातला प्रत्येक माणूस आरोपी असतो, तिच्यात हाक मारायला उरतेच कोण?

गुणाकाराचा खेळही आपण जवळून पाहिला आहे. वसईच्या एका तरुणीचा दिल्लीत झालेला निर्घृण खून नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडकीला आला. तो एक गुन्हा होता, अमानुष. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समिती नेमली, आणि मार्च २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधानसभेत राज्यात ‘लव्ह जिहाद’ची एक लाखावर प्रकरणे असल्याचे सांगितले. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेले उत्तर मात्र असे होते: ‘लव्ह जिहाद’ची व्याख्या कुठल्याही कायद्यात नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडे असे एकही प्रकरण नोंदलेले नाही.

अर्थात ही भीती फक्त दिल्लीत किंवा मुंबईच्या स्टुडिओत तयार झाली, असे म्हणणे सोयीचे असले तरी पुरते खरे नाही. मार्क्सवादी मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन यांनी २०१० मध्ये पॉप्युलर फ्रंट या संघटनेला वीस वर्षांत केरळ मुस्लिमबहुल करायचे आहे, असा आरोप केला होता; तसे सांगणाऱ्या त्यांच्या मुलाखतीचा भाग सेन्सॉर मंडळाने या चित्रपटातून कापला. सिरो-मलबार चर्चच्या धर्मसभेने जानेवारी २०२० मध्ये ‘लव्ह जिहाद’ खरा असल्याचे म्हटले, आणि एप्रिल २०२४ मध्ये इडुक्कीच्या धर्मप्रांताने हा चित्रपट शाळकरी मुलांना दाखवला. उत्तरादाखल एर्नाकुलमजवळच्या एका चर्चने मणिपूरमधल्या हिंसाचारावरचा माहितीपट लावला. केरळ आपल्या गोष्टीवर आपसात भांडतो आहे. ते भांडणही चित्रपटात नाही.

परवानगी म्हणजे पावती नव्हे

न्यायालयांनी चित्रपट अडवला नाही, म्हणजे तो खरा ठरला, असा समज पसरला. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे रोजी बंगालची बंदी स्थगित केली, कारण कुणाच्या भावना बिथरतील या धास्तीने राज्याला चित्रपट बंद करता येत नाही. सेन्सॉरचे प्रमाणपत्र दाखवण्याची मुभा देते, सत्याची हमी देत नाही. ‘खोटा आहे म्हणून बंदी’ आणि ‘बंदी उठली म्हणून खरा’ ही दोन्ही वाक्ये एकाच चुकीची दोन टोके आहेत. बंदीने बंगालमध्ये काय साधले? ज्याला तोवर बघायचे नव्हते, त्यालाही बघावेसे वाटू लागले.

ऑगस्ट २०२५ मध्ये आशुतोष गोवारीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या परीक्षक मंडळाने या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा आणि छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला. केरळचे त्या वेळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी निषेध केला. छायालेखनाचे जाऊ द्या. पण दिग्दर्शन म्हणजे काय दाखवायचे आणि काय गाळायचे याचाच निवाडा. तो गौरवला, की गाळलेली माणसेही गौरवाच्या हिशेबात येतात.

दुसरी एक आई

याच विषयावर दुसऱ्या रीतीने चित्रपट करता येतो का? येतो, आणि तो २०२३ च्या त्याच मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला. कौथर बेन हानिया या ट्युनिशियन दिग्दर्शिकेचा ‘फोर डॉटर्स’. ओल्फा या आईच्या चार मुलींपैकी थोरल्या दोघी लिबियात जाऊन ‘इस्लामिक स्टेट’ला मिळाल्या. त्या दोघींच्या जागी अभिनेत्री आहेत, धाकट्या दोघी आणि आई स्वतःच पडद्यावर आहेत. जड प्रसंगी आईच्या जागीही अभिनेत्री उभी राहते, आणि हे सारे प्रेक्षकासमोर, लपवाछपवी न करता. त्यातली आई बिचारी नाही. ती मुलींना मारते, धाक घालते, त्यांच्या अंगावर सारखी नजर ठेवते. आपल्या आईने आपल्यावर जे लादले, तेच आपण पोटच्या मुलींवर लादले, हे तिला कॅमेऱ्यासमोर उमगत जाते. चित्रपट संपतो तेव्हा आपण शत्रू शोधत नाही, आपले घर आठवतो.

त्या चित्रपटात आकडा आहे चार. तो कुणी वाढवला नाही, आणि त्यामुळे कुणाला खोडताही येत नाही.

केरळच्या त्या स्त्रियांनी काबूलच्या तुरुंगातून एका वृत्तसंकेतस्थळाच्या कॅमेऱ्यासमोर मुलाखत दिली होती; ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. एकीने परत येण्याची इच्छा बोलून दाखवली. तिच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने केंद्राला आठ आठवड्यांत निर्णय घ्यायला सांगितले. त्याआधीच, ऑगस्ट २०२१ मध्ये, तालिबान काबूलमध्ये शिरले होते, आणि तुरुंगांचे दरवाजे उघडले गेले होते.

चित्रपटातली नायिका शालिनी चौकशी अधिकाऱ्यांसमोर बसून आपली कहाणी अथपासून इतिपर्यंत सांगते. खऱ्या मुलींना तशी खुर्ची मिळाली नाही. त्यांच्या नावावर दोनशे कोटींहून अधिक गल्ला जमला, सभा झाल्या, पुरस्कार झाले. बत्तीस हजारांसाठी देश हळहळला. न्यायालयात एका मुलीसाठी अर्ज घेऊन उभा राहिलेला बाप मात्र एकटाच होता.